कानशीची भाषा

दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात आमचा पुतण्या यंत्र-अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीतील आखेन नगरीस गेला. त्याच्या प्रस्थानापूर्वीचे सहा-सात महिने आमच्या घराला एखाद्या जुन्या कचेरीचे रूप आले होते: गुणपत्रकांची छाननी होऊन मिळालेला दाखला, विम्याचा कागद, घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचे दस्तऐवज, आणि वर्षाच्या निर्वाहाची सारी रक्कम आगाऊ भरून ज्यातून दरमहा ठरावीक हप्त्याहून अधिक उचलता येत नाही असे खाते. आज ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. १८७० साली स्थापन झालेले तेथील विद्यापीठ स्वतः मात्र शिक्षणशुल्क घेत नाही. सहामाहीचे माफक अंशदान भरले की परदेशस्थ विद्यार्थ्यालाही प्रयोगशाळा व ग्रंथालय खुले होते, आणि या औदार्याबद्दल आम्हांस मनःपूर्वक आदर वाटतो.

त्याच्या अभ्यासक्रमाची व्याख्याने इंग्रजीत असल्याने पहिले वर्ष जर्मन भाषेवाचून निभावले. एक हा सर्वोत्तम गुण आणि चार ही उत्तीर्णतेची सीमा, व्याख्यान संपले की टाळ्यांऐवजी बाकावर बोटांच्या पेरांनी ठोकून आदर व्यक्त करावयाचा, अशा रीती त्याने लवकरच आत्मसात केल्या. दुसऱ्या वर्षी एका संशोधनशाळेच्या कर्मशाळेत साहाय्यकाचे काम मिळाले आणि तेथे इंग्रजी संपली. त्या कर्मशाळेचा प्रमुख माइस्टर, म्हणजे उमेदवारीची साडेतीन वर्षे आणि पुढे उस्तादीची परीक्षा या मार्गाने वर आलेला कारागीर. २०१२ साली झालेल्या निर्णयानुसार त्या देशाच्या अर्हता-आराखड्यात माइस्टरची सनद विद्यापीठाच्या पहिल्या पदवीच्याच पायरीवर ठेवलेली आहे. घणाने काळवंडलेल्या हाताला शासनाने दिलेला हा मान वाचून आम्ही बराच वेळ पत्र हातात धरून बसलो.

माइस्टरने आमच्या पुतण्याला पहिले काम दिले ते लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणण्याचे. गुण्या लावून ठोकळा उजेडासमोर धरावयाचा, फटीतून प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा घासावयाचे. असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी माइस्टरने सहज विचारले की, हिला आम्ही 'फाइले' म्हणतो, तुमच्या भाषेत काय म्हणतात? अभियांत्रिकीची पदवी प्रथम वर्गात मिळविलेल्या त्या मुलाजवळ 'फाइल' या इंग्रजी शब्दावाचून दुसरा शब्द नव्हता.

त्याच दिवशी इकडे लक्ष्मीपूजन होते. आमच्या घरी पणत्या लागत होत्या, तिकडे अद्याप दुपार होती, आणि दूरध्वनीवर शुभेच्छांआधी त्याने हाच प्रश्न केला. आमचे वडील, ज्यांचे अवघे आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळेत गेले, ते पाटावरून उठले आणि नातवाला एकेक शब्द सावकाश सांगू लागले: कानस, शेगडा, गुण्या, छिन्नी, ऐरण, भाता. नातू ते लिहून घेत होता. पूजेला त्या दिवशी उशीर झाला आणि कोणीही त्याबद्दल तक्रार केली नाही.

आखेनचा प्राध्यापक आणि आखेनचा उमेदवार यांच्या ज्ञानात अंतर असेल, परंतु दोघांच्या तोंडी हत्याराचे नाव एकच असते, आणि म्हणून कर्मशाळेतील अनुभव प्रबंधापर्यंत व प्रबंधातील सिद्धान्त कर्मशाळेपर्यंत विनासायास पोहोचतो. आमच्याकडे साहेबाची फाइल आणि कारागिराची कानस या दोन वस्तू होऊन बसल्या आहेत. याचे भान आमच्या पूर्वजांना नव्हते असे नाही. १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेत दाखल झाले, तो मार्ग परदेशी जाण्याचा. परंतु पुढे आठच वर्षांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी बडोद्यास कलाभवन उघडले, तेव्हा तांत्रिक विषय देशी भाषांतून शिकविण्याचा त्यांचा आग्रह होता. पहिला मार्ग आज हमरस्ता झाला आहे, दुसऱ्यावर गवत उगवले आहे, आणि याचे आम्हांस खरोखर दुःख आहे. परदेशी जाणाऱ्या मुलांना आम्ही अडवू इच्छीत नाही. कर्जाची फेड कशी होणार ही आईबापांची चिंताही आम्ही स्वतः भोगीत आहोत. परंतु सुटीत घरी आलेल्या मुलाला वेतनाचा आकडा विचारण्यापूर्वी त्याने हाताने काय घडविले हे विचारावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

वडिलांनी त्या संध्याकाळी सांगितलेल्या शब्दांत पुढे उद्यमनगरातील त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी भर घातली, आणि ती यादी या अंकाच्या अखेरीस अर्थांसह छापली आहे. ती अपुरी आहे. ज्यांच्या घरी लोहार, सुतार, कातारी, ओतारी यांचा व्यवसाय चालत आला असेल त्यांनी आपल्याकडील शब्द, शक्य तर हत्याराच्या रेखाचित्रासह, माघ अखेरच्या मुदतीत आमच्या कार्यालयाकडे धाडावेत.