रात्रपाळीचे ताट कोण ठरवणार?

चाकण-भोसरीचे कारखाने असोत, मुंबईतली मोठी रुग्णालये असोत की परदेशी ग्राहकांची कामे करणारी कॉल सेंटरे, रात्रपाळीची जेवणाची सुट्टी बहुधा मध्यरात्र उलटल्यावरच होते. ताटात भात, वरण, पोळ्या, बटाट्याची रस्साभाजी. पहाटे झोप उडवायला गोड चहा आणि बिस्किटे. पोट भरते, काम पुढे सरकते. पण त्या वेळी शरीराची भरपेट जेवणाची तयारी नसते. कामगारांच्या आरोग्याचा विचार करताना या गोष्टीकडे सहसा दुर्लक्षच होते.

शरीरात एकच घड्याळ चालत नाही. मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, सुमारे वीस हजार चेतापेशींच्या दोन छोट्या पुंजक्यांत असते आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागते. यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबी यांच्या पेशींतही घड्याळे असतात. त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा पगडा असतो. जिनिव्हातील उएली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेने २००० साली हे उंदरांवर दाखवून दिले. उंदीर निशाचर. त्यांना फक्त दिवसा खायला दिले, तेव्हा यकृताचे घड्याळ जवळजवळ उलटे झाले, मेंदूचे मात्र जागचे हलले नाही. ही घड्याळे ज्या जनुकांवर चालतात त्यांचा उलगडा फळमाश्यांमध्ये करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

रात्रपाळीत नेमकी हीच फारकत होते. अंधार पडल्यावर शरीरात मेलाटोनिन वाढते आणि त्याच्या प्रभावाखाली स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते. म्हणून सकाळी खाल्लेला भात आणि रात्री दोनला खाल्लेला तेवढाच भात रक्तात सारखा वागत नाही. रात्री साखर अधिक चढते आणि उतरायलाही वेळ लावते.

बोस्टनमधील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाच्या संशोधकांनी याची कसून तपासणी केली. त्यांनी १९ निरोगी तरुणांना दोन आठवडे प्रयोगशाळेत ठेवले. मंद उजेड आणि २८ तासांचा ‘दिवस’ अशी रचना करून त्यांचे दिवसरात्रीचे चक्र हळूहळू उलटवले; सगळे रात्रपाळीवर असल्यासारखे जागू लागले. त्यांतल्या एका गटाने रात्रपाळीतल्या माणसांसारखे दिवसा आणि रात्रीही खाल्ले, दुसऱ्याने फक्त दिवसा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रात्री खाणाऱ्यांच्या रक्तातील साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांमध्ये अशी वाढ दिसली नाही. जागरण दोन्ही गटांना सारखेच होते, फरक होता तो जेवणाच्या वेळेत.

जेवणाच्या वेळेचा विषय घरोघरी पोहोचला तो मात्र वजन घटवण्याच्या वाटेने. ओडिशात वाढलेले आणि कॅलिफोर्नियाच्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे सच्चिदानंद पांडा यांनी २०१२ साली दाखवले, की उष्मांक तेवढेच असूनही तेलकट खाणे आठ तासांतच उरकणारे उंदीर दिवसरात्र चरणाऱ्यांपेक्षा सडपातळ राहतात. माणसांच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या चाचणीत सर्वांनाच उष्मांक कमी दिले होते. सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा विशेष जास्त घटले नाही, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. तेव्हा घड्याळ पाहून जेवले की चरबी आपोआप वितळते, हा प्रचार थांबवायला हवा. वेळेचे महत्त्व आहेच, पण किती आणि काय खाल्ले याला ती पर्याय नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ‘सातच्या आत जेवा’ हा सल्ला ज्याचा वेळ ज्याच्या हाती आहे, त्याच्यासाठी ठीक. बदलापूर किंवा विरारच्या लोकलमधून रात्री साडेनवाला उतरणाऱ्या बाईला तो कसा पाळता येणार? आणि आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराचे शरीर एका वेळेला सरावू लागते, तोवर दुसरी वेळ लागते. त्याला शिस्त शिकवण्यापेक्षा, जी संस्था त्याला रात्री जागवते तिनेच त्याच्या ताटाची जबाबदारी घ्यावी, हे अधिक न्याय्य आहे.

यासाठी फार मोठा खर्च येणार नाही. पाळीला येण्यापूर्वी संध्याकाळीच पूर्ण जेवण व्हावे, असे कामगारांना सांगावे आणि ते जमेल अशा बेताने बसच्या वेळा ठरवाव्यात. मध्यरात्री भाताच्या ढिगाऐवजी ताक, फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी, मोड आलेली उसळ असे थोडके खाणे द्यावे. सकाळी पाळी सुटताना नीट न्याहारी असावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्री उपाशी राहणे धोक्याचे आहे. त्यांचे खाणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरावे. वार्षिक तपासणीत रात्रपाळीवाल्यांची साखर आवर्जून पाहावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढा आकडा समोर असताना हा खर्च जड वाटू नये.

कॅन्टीनची सक्ती आपल्याला नवी नाही. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत ती करण्याची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच आली आणि कॅन्टीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत, ही कल्पनाही त्यातच होती. २०२० च्या जानेवारीत मुंबई चोवीस तास उघडी ठेवण्याचे धोरण राज्याने आखले, तेव्हा रात्री काम करणाऱ्यांच्या जेवणाचाही विचार व्हायला हवा होता. तो आता करता येईल. चहाचे दर आणि भाजीची चव यांवर समित्यांत वाद होतातच. रात्री किती वाजता काय वाढायचे, हा विषयही कामगार प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत मांडावा आणि त्याचे उत्तर व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावे.