डोकी मोजून रस्ता

सह्याद्रीच्या कडेवरील धनगरवाड्यात भर पावसात बाई अडली, की आजही आधी बांबू शोधावा लागतो. बांबूला घोंगडे बांधून झोळी करायची, चौघांनी उचलायची, एकाने पुढे बॅटरी धरायची आणि चढाला माणसे बदलत डांबरी सडक गाठायची. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे; पण ती सडकेच्या टोकाशीच उभी राहते. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, गगनबावडा, चंदगड या तालुक्यांतील कितीतरी वाड्यांचे हे दरसालचे दुखणे आहे. ज्या कोल्हापुरात 1891 साली रेल्वे आली, त्या जिल्ह्याला हे शोभत नाही.

रस्ता का होत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले: लोकसंख्या बसत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली तेव्हापासून सपाट प्रदेशासाठी वस्तीत किमान 500 माणसे हवीत. 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही हीच अट आहे आणि आकडे 2011 च्या जनगणनेचे आहेत. 250 ची सवलत ईशान्य आणि हिमालयातील राज्यांना, आदिवासी क्षेत्रांना व आणखी काही विशेष भागांना आहे. सह्याद्रीला केवळ डोंगर म्हणून ती मिळत नाही. राज्य सरकार याच तालुक्यांना डोंगरी विकास कार्यक्रमात धरते. मग मुंबईच्या कागदावर असलेला डोंगर दिल्लीच्या कागदावर सपाट कसा होतो?

त्यातही जनगणनेचे प्रसिद्ध होणारे आकडे महसुली गावाचे असतात. खालच्या गावठाणात डांबर पोचले की गाव जोडले गेले, असे मानले जाते. वर तीन-चार किलोमीटरवर असलेली पंधरा-वीस घरे त्याच नोंदीत विरून जातात. रस्ता नाही म्हणून पोरांची शाळा सुटते, तरुण मुंबई-पुण्याची वाट धरतात, मुलगी द्यायला कोणी धजत नाही. वाडी आणखी रोडावते आणि निकषापासून आणखी लांब जाते. माणसे कमी आहेत म्हणून रस्ता नाकारणाऱ्यांनी, ती कमी कशाने झाली हेही पाहावे.

एसटीच्या सवलती चांगल्याच आहेत. महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास आहे. पण अहिल्याबाईंच्याच समाजातल्या वाडीवरच्या मुलीला तो पास वापरायला आधी तासभर जंगल तुडवावे लागते. खाली आल्यावर मुक्कामी गाडी बंद झालेली असेल, तर वडापवाल्याच्या हातापाया पडायचे. तिथे पास चालत नाही. संध्याकाळी येऊन गावातच थांबणारी आणि पहाटे कॉलेजची पोरे व बाजारकरी घेऊन निघणारी ही मुक्कामी गाडी केवळ भारमानाच्या तक्त्यावर तोलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वनखात्याची अडचण खरी आहे. राधानगरी हे 1958 पासूनचे अभयारण्य. तिथला गवा आणि तिथले रान जपलेच पाहिजे. पण वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये अशा वस्त्यांसाठीच वाट ठेवली आहे: एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पर्यंतच झाडे आणि ग्रामसभेची शिफारस. पाच मीटर रुंदी धरली, तर या मर्यादेत जवळजवळ दोन किलोमीटरची वाट निघते. वाडीवरच्या अशिक्षित म्हाताऱ्यांनी या कलमाचा प्रस्ताव लिहून आणावा, अशी अपेक्षा कुणी करू नये. तो जिल्हा परिषदेने करावा, मोजणी तिनेच करावी आणि वनखात्याकडे पाठपुरावाही तिनेच करावा.

येती जनगणना 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून होणार आहे. त्याआधी जिल्हा प्रशासनाने प्रत्येक वाडीची नावानिशी यादी करावी: घरे किती, सडक किती लांब, पावसाळ्यात कोणता ओढा आडवा येतो. दीड किलोमीटरच्या आतल्या वाड्या एकत्र मोजण्याची मुभा डोंगरी भागांना आहे, ती सह्याद्रीला मिळावी म्हणून जिल्ह्याच्या खासदारांनी ही यादी घेऊन ग्रामविकास मंत्रालयाचे दार ठोठवावे. तोवर पायवाटेवरचे साकव आणि खडीकरण जिल्हा नियोजनाच्या निधीतून येत्या जूनपूर्वी उरकता येईल.