धावपट्टीच्या शेजारची माणसे

१६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डी गावाच्या शिवारात एक लहान शिकाऊ विमान कोसळले. शिरपूरच्या धावपट्टीवरून ते उडाले होते. विमानातील शिक्षक मृत्यू पावले आणि विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली. परिसरातील आदिवासी धावून आले. एका बाईने आपली साडी दिली आणि त्या साडीची झोळी करून त्या मुलीला रानातून बाहेर आणण्यात आले. त्या बाईचे पुढे कौतुक झाले व ते यथायोग्यच होते. परंतु कौतुकाच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला, तो आम्ही आज विचारीत आहो. विमान पडल्यास कोणास कळवावे, सांडलेल्या इंधनापासून किती दूर राहावे, जखमीला कसे हलवावे, हे त्या शिवारातील एका तरी माणसाला त्यापूर्वी कोणी सांगून ठेवले होते काय?

आमच्या बहुसंख्य वाचकांना विमानतळ म्हटले की सांताक्रूझ वा लोहगाव डोळ्यांपुढे येतो. परंतु शेतांच्या मधोमध पसरलेल्या लहान धावपट्ट्यांचा महाराष्ट्र त्याहून निराळा आहे. तेथे प्रवासी नाहीत. एका इंजिनाची दोन-चार आसनी विमाने दिवसभर घिरट्या घालतात आणि उद्याचे वैमानिक तेथे घडतात. देशाला वैमानिक हवे आहेत आणि ते आपल्याच भूमीवर तयार व्हावेत, हे आम्हांस मान्यच आहे. विमानविद्येला विरोध करण्याचा आमचा हेतू नाही. विद्या कोणतीही असो, चुकतमाकतच ती साध्य होते, हे ज्याने वर्गात खडू हाती धरला आहे त्याला सांगावयास नको. फरक इतकाच की, पाटीवरची चूक पुसता येते. येथली चूक कोणाच्या तरी शेतात येऊन पडते.

आकाशातील अभ्यासक्रमाचा खालच्या माणसाला काय अनुभव येतो, तो पाहण्याजोगा आहे. इंजिन बंद पडल्यास कसे उतरावे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावेच लागते. शिक्षक मुद्दाम इंजिनाचा जोर उतरवतो, विद्यार्थ्याने खालचे एखादे मोकळे रान हेरून तिकडे झुकावयाचे, आणि जमीन जवळ येताच पुन्हा जोर देऊन वर निघून जावयाचे. वर हा धडा असतो. खाली मात्र ऊस बांधणाऱ्या शेतकऱ्याला घरघर एकाएकी मंदावलेली ऐकू येते आणि विमान आपल्याच दिशेने उतरताना दिसते. हा सराव आहे की संकट, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. विरळ वस्तीवर निदान ५०० फूट आणि दाट वस्तीवर १,००० फूट उंची राखावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु चढताना व उतरताना तो लागू होऊ शकत नाही, आणि धावपट्टीच्या टोकाशी राहणाऱ्यांचा संबंध नेमका चढण्या-उतरण्याशीच असतो.

या प्रश्नातले गणितही समजून घ्यावे. सेस्ना जातीच्या लहान विमानाचे इंजिन बंद पडले, तर ते आपल्या उंचीच्या सुमारे नऊपट अंतर तरंगत जाऊ शकते. म्हणजे ५०० फुटांवरून जेमतेम १.४ किलोमीटर, आणि त्याला अवधी मिनिटाहूनही कमी. उड्डाण करताच इंजिन थांबले तर मागे वळू नये, समोर दिसेल त्या मोकळ्या जागी उतरावे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला बजावलेले असते. कारण कमी उंचीवर वळण्याच्या नादात वेग जातो आणि विमान दगडासारखे खाली येते. तेव्हा धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढचा १.४ किलोमीटरचा पट्टा हा कागदावर कोणाचाही असला, तरी प्रसंग आल्यास तो त्या धावपट्टीचाच भाग होतो. त्या पट्ट्यात आज विहिरी आहेत, विजेच्या तारा आहेत, आणि गाव जसजसे वाढते तसतशी घरेही येत आहेत. आपल्याला या नकाशात कोणते स्थान आहे, हे त्या घरमालकांना कोणी सांगितलेले नसते.

ही भीती काल्पनिक नाही. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाच्या बिरसी येथून निघालेले शिकाऊ विमान वैनगंगेवरील तारेला अडकून पडले व दोघांचा अंत झाला. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीचेच आणखी एक विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील जंगलात कोसळले. तेव्हाही दोघे दगावले. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात एक विमान आले आणि एकटीच उडणारी विद्यार्थिनी जखमी झाली. या तिन्ही वेळी खालचा माणूस सुदैवाने वाचला. मुंबईतील घाटकोपरच्या दाट वस्तीत २८ जून २०१८ रोजी लहान विमान पडले, तेव्हा मात्र विमानातील चौघांबरोबर रस्त्याने जाणारा एक पादचारीही मरण पावला.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडने १९२० साली हवाई वाहतुकीचा कायदा केला, त्याच्या नवव्या कलमात दोन बाजूंचा तोल होता. वाजवी उंचीवरून विमान गेले एवढ्याच कारणाने घरमालकाला अतिक्रमणाचा वा उपद्रवाचा दावा लावता येणार नाही, ही एक बाजू. दुसरी अशी की, विमानामुळे जमिनीवरील माणसाचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर हयगय सिद्ध न करताही विमानमालकाकडून भरपाई मिळेल. तुमचा एक हक्क आम्ही काढून घेतो, बदल्यात दुसरा देतो, असा तो सरळ व्यवहार होता. इंग्लंडच्या १९८२ च्या कायद्यानेही तो राखला. हिंदुस्थानासाठी १९३४ साली कायदा झाला, तेव्हा कलम १७ मध्ये पहिली बाजू तेवढी आली. दुसरी आलीच नाही. लंडनच्या माळ्याला जे संरक्षण मिळाले, ते खानदेशच्या कुणब्याला देण्याची परक्या सरकारला आवश्यकता भासली नाही, यात नवल नाही. नवल याचे वाटते की, १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आणि जुनी बरीचशी चौकट तशीच राहिली, परंतु हे राहिलेले अर्धे जोडावे, असे आपल्या संसदेलाही सुचले नाही. हयगय सिद्ध करावयाची म्हणजे इंजिनाची देखभाल, वैमानिकाची नोंदवही, हवामान यांचा पुरावा गोळा करावयाचा. ज्याचा गोठा मोडला तो हे कोठून आणणार? अपघाताची चौकशी होते, हे खरे. परंतु तिचा हेतू पुढील अपघात टाळणे हा असतो, दोष किंवा भरपाई ठरविणे हा नव्हे. शिवाय तिचा अहवाल इंग्रजीत निघतो. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत विमान पडले, तेथे तो मराठीत वाचावयास ठेवल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

धावपट्टीचे चालक म्हणतील की, गावकरीच उतरणीच्या वाटेत घरे बांधतात, धावपट्टीवर गुरे सोडतात, मेलेली जनावरे उघड्यावर टाकून घारी-गिधाडांना आमंत्रण देतात. हे म्हणणे खोटे नाही. परंतु ज्याला कधी बोलावलेच नाही त्याने नियम पाळावेत, ही अपेक्षा जरा एकतर्फी आहे. इंग्लंडमध्ये सरकारने नेमून दिलेल्या विमानतळांना स्थानिक संस्था व रहिवासी यांच्याशी विचारविनिमयाची सोय ठेवावीच लागते. तसे कलम तेथील कायद्यात आहे. येथे मात्र आवाजाची तक्रार घेऊन गेलेल्या सरपंचाला दाराशीच रखवालदार भेटतो.

केंद्र सरकारने नव्या अधिनियमात दुरुस्ती करून हयगयीच्या पुराव्यावाचून भरपाईचे कलम घालावे, आणि तृतीय पक्षाचा विमा असल्यावाचून शिकाऊ विमान उडू देऊ नये. त्याला वेळ लागेल हे आम्ही जाणतो. परंतु जिल्हाधिकाऱ्यांना दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांचा नकाशा तलाठी कार्यालयात लावणे, सरावाच्या वेळा चावडीवर कळविणे, तक्रारीसाठी एका जबाबदार माणसाचा दूरध्वनी क्रमांक देणे, आणि वर्षातून एकदा अग्निशमन दल व रुग्णवाहिका घेऊन गावातील तरुणांकडून बचावाची रंगीत तालीम करून घेणे, एवढे काम येत्या पावसाळ्यापूर्वी होण्यासारखे आहे. शिरपूर, बिरसी यांसारख्या धावपट्ट्या असलेल्या जिल्ह्यांच्या प्रशासनाने यांपैकी काय केले आहे ते जाहीर करावे. त्यांचे उत्तर आम्ही याच पानावर छापू.