फुकट ते पौष्टिक. पण कुणाच्या भरवशावर?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा थांबवला आणि नव्या ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे, पण एरवी धडधाकट असलेले असंख्य संगणक एकाएकी निवृत्तीच्या वाटेला लागले. साहजिकच अनेक घरांत आणि लहान कार्यालयांत ‘आता लिनक्स घ्यावे का’ ही चर्चा सुरू झाली. परंतु लिनक्स म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही त्याची नुसती ठळक रूपे. शिवाय फ्री-बीएसडी, ओपन-बीएसडी यांसारखे त्याचे चुलत भाऊ वेगळेच. सगळेच फुकट, मग निवड कशाच्या आधारे करायची? पडद्यावरील देखणेपणा किंवा वेग यांवरून ही निवड बहुधा केली जाते. गेल्या काही वर्षांतील घडामोडी मात्र वेगळाच निकष सुचवतात.

या सर्व प्रणालींचा मूळ पुरुष युनिक्स. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये तो जन्मला. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याची जी शाखा वाढली, ती बीएसडी. दुसरीकडे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा ‘कर्नल’, म्हणजे गाभा, लिहिला. तांत्रिकदृष्ट्या बीएसडी तेव्हा अधिक मुरलेली होती. परंतु १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने बीएसडीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९९४ मध्ये तडजोड होईपर्यंत या शाखेच्या भवितव्यावर कायद्याची टांगती तलवार राहिली आणि त्याच काळात लिनक्सने मुसंडी मारली. प्रणालीचे भवितव्य केवळ गुणवत्तेवर ठरत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्याच धड्याची उजळणी ‘सेंटओएस’ने करून दिली. रेड हॅट ही कंपनी आपली लिनक्स प्रणाली सशुल्क सेवेसह विकते. तिच्याच सोर्स कोडवरून तयार केलेली हुबेहूब पण मोफत आवृत्ती म्हणजे सेंटओएस. जगभरातील असंख्य सर्व्हर तिच्यावर चालत. २०१४ मध्ये हा प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली गेला; २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅटच विकत घेतली. पुढे ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली, की सेंटओएस ८चा पाठिंबा २०२९ ऐवजी २०२१च्या अखेरीसच संपेल. आठ वर्षांचा हिशेब मांडून बसलेल्यांच्या हाती जेमतेम वर्ष उरले.

याची झळ कुठवर पोहोचली, हे युरोपातील ‘सर्न’ आणि अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेच्या उदाहरणावरून दिसते. या संस्थांची स्वतःची ‘सायंटिफिक लिनक्स’ होती. तिची नवी आवृत्ती न काढता सेंटओएसकडे वळण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी सेंटओएसचा आधार सुटला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये दोघींनी ‘अल्मालिनक्स’ला पसंती दिली. सर्नच्या प्रयोगांची माहिती हाताळणाऱ्या जागतिक संगणकजाळ्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही.

सेंटओएसची जागा घेण्यासाठी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स पुढे आले खरे. पण जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या प्रणालीच्या सोर्स कोडची खुली वाटच आखडती केली. कंपनीचेही म्हणणे आहे. लिनक्सच्या विकासासाठी ती अनेक अभियंत्यांना पगार देते आणि केवळ नक्कल करणाऱ्यांकडून त्यात भर पडत नाही, असा तिचा दावा. शिवाय ज्याला प्रणाली दिली त्यालाच सोर्स कोड देण्याचे बंधन लिनक्सचा परवाना घालतो, सगळ्या जगाला नव्हे. म्हणजे कायद्याने बोट ठेवणे कठीण; वापरकर्त्याची पंचाईत व्हायची ती झालीच.

सोयरीक जुळवताना मुलाइतकेच घराणेही पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. इथेही तेच करावे लागेल. १९९३ पासून चालत आलेल्या डेबियनचा मालक कोणी नाही. तिचे विकासक दरवर्षी मतदानाने नेता निवडतात आणि वापरकर्त्यांना दिलेली वचने १९९७ पासून लेखी स्वरूपात आहेत. फ्री-बीएसडीचे सुकाणूही विकासकांनी निवडलेल्या मंडळाकडे असते. तिथे गाभा आणि मूलभूत साधने एकाच प्रकल्पात घडतात, त्यामुळे रचनेत एकसंधपणा येतो. तिचा परवाना सैल असल्याने नेटफ्लिक्सचे चित्रफिती पुरवणारे सर्व्हर आणि सोनीचे प्लेस्टेशन ४ तिच्या पायावर उभे राहिले. मात्र केलेले बदल परत देण्याचे बंधन त्यात नाही. शिवाय घरच्या संगणकाचे वायफाय किंवा प्रिंटर जुळवताना लिनक्सच अधिक सोयीचे पडते.

आपल्याकडेही हा मार्ग नवा नाही. केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणाली रुजवली; पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरणही आखले. धोरणाचे यश मात्र देखभाल करणाऱ्या माणसांवरच अवलंबून राहते.

म्हणून निवड करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. सुरक्षाविषयक दुरुस्त्या किती वर्षे मिळणार? तो शब्द कोणी दिला आणि तो फिरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? तो फिरलाच, तर आपली कागदपत्रे घेऊन दुसरीकडे जाणे कितपत सोपे? अडल्यास मदतीला येणारा माहीतगार जवळपास आहे का? घरच्या साध्या कामासाठी मिंट किंवा उबुंटू पुरेसे; दीर्घकाळ चालवायच्या सर्व्हरसाठी डेबियन किंवा फ्री-बीएसडीचा विचार व्हावा. संगणक फारच जुना, ३२ बिटचा असेल, तर ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ त्यावर बसवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मुक्त प्रणालीचे खरे मोल तिच्या शून्य किमतीत नाही. कंपनीने पाठ फिरवली तरी दुसरे कोणी तेच काम पुढे नेऊ शकते, आणि सेंटओएसनंतर ते घडलेही. पण या स्थलांतराचा खर्च आणि मनस्ताप वापरकर्त्यालाच सोसावा लागला. तो टाळायचा, तर वरील प्रश्नांची उत्तरे प्रणाली बसवण्यापूर्वीच मिळवलेली बरी.