इंटरनेट मोजून विकायचे असेल तर हिशेब उघडा ठेवा

घरी ब्रॉडबँड घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या आणि दर महिन्याला मुकाट्याने बिल भरणाऱ्या सर्वांसाठी



लिफ्टमध्ये चिकटवलेली किंवा वर्तमानपत्राच्या घडीतून पडणारी ब्रॉडबँडची जाहिरात एकदा नीट वाचा. ३९९ किंवा ४९९ हा आकडा मोठा, ‘अनलिमिटेड’ त्याहून मोठे, स्पीडही ठळक. खाली, डोळे ताणून वाचावे लागेल अशा अक्षरांत, उरलेला व्यवहार लिहिलेला असतो: कर वेगळा, स्पीड ‘पर्यंत’, आणि महिन्याला अमुक जीबी झाले की वेग उतरेल. जी अट आपल्या खिशाला आणि घरातल्या कामाला थेट लागते, तीच सर्वांत बारीक छापलेली असते. हे जाणूनबुजून केले जाते आणि ते थांबले पाहिजे.

आमची मागणी अशी. घरच्या इंटरनेटचा दर स्पीडवर ठरावा, जीबीवर नव्हे. ज्या कंपनीला जीबीची रेघ मारायचीच असेल तिने ती रेघ, रेघेपुढचा स्पीड आणि करासकट पूर्ण किंमत, तिन्ही गोष्टी दराच्या आकड्याइतक्याच मोठ्या छापाव्यात.

मोजणी जुनी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले तेव्हा तास विकत घ्यावे लागत, आणि टेलिफोनच्या कॉलचे पैसे वेगळे. त्या काळी लाइनी मोजक्या होत्या. एकाने लाइन अडवली की दुसऱ्याला ती मिळत नसे, म्हणून तास मोजण्याला आधार होता. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी २५६ केबीपीएसचे ब्रॉडबँड घरोघर द्यायला सुरुवात केली आणि तासांच्या जागी एमबी आले. कोटा संपला की पुढच्या प्रत्येक एमबीला पैसे. एमबीला एक रुपया धरला तरी एक जीबी म्हणजे हजार रुपये. मुलाने सुट्टीत चार सिनेमे उतरवले आणि महिन्याच्या पगारातला मोठा वाटा बिलात गेला, अशी घरे तेव्हा पुष्कळ होती.

त्याच काळात बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ हा वापर कोट्यात धरत नसत. कॉलेजची मुले गजर लावून उठायची, डाउनलोड सुरू करायची आणि पुन्हा झोपायची. त्या सवलतीकडे आज नीट पाहा. पहाटे तीनला उतरवलेला एक जीबी फुकट आणि रात्री नऊला उतरवलेला तोच एक जीबी महाग, याचा अर्थ कंपनीला भार जीबीचा नव्हताच. भार गर्दीच्या वेळेचा होता. कंपनी क्षमता उभारते ती संध्याकाळच्या गर्दीसाठी. उरलेला सारा दिवस त्याच तारा निम्म्या रिकाम्या असतात. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एका क्षमतेवर जास्तीत जास्त पन्नास ग्राहक, असे प्रमाण सांगितले होते. तुमचे नेट संध्याकाळी रखडते याचे कारण या भागाकारात शोधा. शेजारच्या काकूंनी महिनाभरात किती जीबी वापरले यात ते सापडणार नाही.

कंपन्यांची बाजू मांडणारे लगेच विजेचा दाखला देतात. वीज जेवढी वापरली तेवढे बिल, मग डेटा का नको? दाखला तपासू या. एक युनिट वीज वापरली की कुठेतरी कोळसा जळतो किंवा धरणातले पाणी उतरते. टाकलेल्या तारेतून एक जीबी जास्त गेला तर काहीही जळत नाही, तार झिजत नाही. दुसरे म्हणजे विजेचे मीटर आपल्या भिंतीवर असते. त्याला सील असते, आकडा रोज वाचता येतो, शंका आली तर तपासणी मागता येते. डेटाचे मीटर कंपनीच्या सर्व्हरवर असते. बिलिंगच्या लेखापरीक्षणाचे नियम ट्रायने केलेले आहेत, पण तो लेखापरीक्षक आपल्या घरी येत नाही. आपल्याला ॲपमध्ये जो आकडा दिसतो तोही कंपनीनेच दाखवलेला. विकणाराही तोच, मोजणाराही तोच. विजेचा दाखला हवा असेल तर विजेसारखे मीटरही द्या.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, आणि आम्ही तो बाजूला सारत नाही. दिवसभर चार पडद्यांवर चित्रपट पाहणाऱ्या घराचा भार, संध्याकाळी नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या आजींनी का उचलावा? प्रश्न रास्त आहे. मग हिशेब करू. २०२० मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी ३९९ आणि ४९९ चे प्लॅन आणले, त्यांवर महिन्याला ३३०० जीबीची रेघ होती. ३९९ भागिले ३३०० केले तर एका जीबीला सुमारे १२ पैसे पडतात. आजी महिन्याला २० जीबी वापरत असतील तर वापराच्या न्यायाने त्यांचे बिल अडीच रुपयांच्या आत यायला हवे. असे बिल कोणती कंपनी देते? कोणतीही नाही, आणि देऊही शकणार नाही, कारण खरा खर्च तार टाकण्याचा, राउटरचा, खांबावर चढणाऱ्या माणसाचा आणि कॉल सेंटरचा आहे. तो खर्च २० जीबीवाल्या घरालाही तेवढाच लागतो. मग कंपन्यांना एवढेच विचारू: कमी वापरणाऱ्याचे बिल खाली आणण्यासाठी ज्या मोजणीचा उपयोग होत नाही, ती मोजणी फक्त जास्त वापरणाऱ्याला अडवण्यासाठी का ठेवता? ज्याला खरोखर जास्त लागते तो वरच्या स्पीडचा प्लॅन घेतो आणि जास्त पैसे आधीच भरतो.

३३०० जीबी बहुतेक घरांना पुरतात, हे आम्ही मान्य करतो. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सांगण्यानुसार एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि सर्वांत उंच दर्जाच्या चित्राला ७ जीबीपर्यंत लागतात. रोज तीन तास एचडी पाहिले तर महिन्याला २७० जीबी. घरून काम करणाऱ्याच्या मीटिंगांचे शंभर-दीडशे धरा. चौकोनी कुटुंबाचे त्यात भागते. पण तारेऐवजी हवेतून येणाऱ्या ब्रॉडबँडच्या अनेक प्लॅनवर रेघ १००० जीबीची असते. एकत्र कुटुंबात तीन टीव्ही, प्रत्येकावर रोज तीन तास उंच दर्जाचे चित्र, म्हणजे महिन्याला १८९० जीबी. अशा घरी महिन्याच्या सोळाव्या-सतराव्या दिवशी वेग कोसळतो, आणि भाडे मात्र तिसाही दिवसांचे घेतले जाते.

वेग कोसळतो म्हणजे किती? इथे सरकारी नियमांतली एक विसंगती प्रत्येक ग्राहकाला ठाऊक असायला हवी. ब्रॉडबँड कशाला म्हणायचे याची व्याख्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ५१२ झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने निर्देश काढला की तारेच्या ब्रॉडबँडवर मर्यादा संपल्यानंतरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली जाता कामा नये. त्या दिवशी तळ आणि व्याख्या एकाच पातळीवर होते, म्हणजे मर्यादेनंतरही ग्राहकाला निदान ब्रॉडबँड मिळत होते. जानेवारी २०२३ मध्ये व्याख्या २ एमबीपीएसवर नेली गेली. त्याच क्षणी तळही २ एमबीपीएसवर जायला हवा होता. ५१२ केबीपीएसवर एक जीबीची फाइल उतरायला चार तासांहून जास्त लागतात. मुलाचा ऑनलाइन तास त्यावर चालत नाही. सरकार ज्याला ब्रॉडबँड म्हणत नाही ते ब्रॉडबँडच्या भाड्यात विकू नये. तळ कायमचा व्याख्येला बांधा, म्हणजे व्याख्या सरकली की तोही सरकेल.

त्याच निर्देशात आणखी एक हक्क आहे. वापर मर्यादेच्या ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के झाला की कंपनीने ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचे. तुम्हाला असा निरोप येतो का? येत नसेल तर नोंदवलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, हे पाहा. अनेक घरांत कनेक्शन लावायला आलेल्या मुलाने स्वतःचा किंवा केबलवाल्याचा नंबर टाकलेला असतो.

आता प्लॅन ताडून पाहण्याविषयी. जाहिरातीतला आकडा कधीच ताडू नका. ३९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ४७० रुपये ८२ पैसे होतात. वर्षाला तो फरक सुमारे ८६२ रुपयांचा. त्यात जोडणीचे शुल्क आणि राउटरची अनामत मिळवा, अनामत परत कधी मिळणार ते लेखी घ्या, आणि एकूण रकमेला महिन्यांनी भागा. सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरण्याआधी, मध्येच घर बदलले तर उरलेल्या महिन्यांचे काय, हे विचारा. स्पीड एमबीपीएसमध्ये सांगतात आणि फाइल एमबीमध्ये मोजतात. ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पावणेचार एमबी, तेही गर्दी नसेल तर. वेग तपासायचा तो रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान, राउटरला तार लावून. दुपारी लावलेल्या चाचणीला अर्थ नाही. कंपन्यांचे दर सरकार ठरवत नाही, पण प्रत्येक प्लॅन कंपनीला ट्रायकडे कळवावा लागतो आणि ट्रायच्या संकेतस्थळावर दर पाहता येतात. केबलवाल्याच्या तोंडी हिशेबापेक्षा तिथला तक्ता पाहा. केरळ सरकारने २०२३ मध्ये के-फॉन ही आपली ब्रॉडबँड सेवा सुरू केली तेव्हा २९९ रुपये, २० एमबीपीएस आणि ३००० जीबी हे तिन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी होते. रेघ त्यांनीही मारली, पण लपवली नाही. खासगी कंपन्यांना एवढेही जमू नये?

आणि ताडून पाहायला दुसरा प्लॅनच नसेल तर? पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या कितीतरी नव्या सोसायट्यांत बिल्डरने एकाच कंपनीला आत येऊ दिलेले असते. दुसरी कंपनी रस्त्यापर्यंत येते आणि फाटकावर अडते. इमारतीत शिरण्याची मक्तेदारी कुणालाही देऊ नये, अशी शिफारस ट्रायने जानेवारी २०१७ मध्येच केली होती. सोसायटी रहिवाशांच्या ताब्यात आल्यावर हा करार रहिवाशांनी मोडला नाही तर कुणी मोडायचा?

तक्रार करताना फोनवर भांडण्यात शक्ती घालवू नका. तक्रार नोंदवा आणि तिचा डॉकेट क्रमांक मागा. तो देणे कंपनीवर बंधनकारक आहे. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही, म्हणून तिकडे खेटे घालू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगात टेलिकॉमची तक्रार चालत नाही असे कुणी सांगितले तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्यापुढे ठेवा. दोन्हींनुसार ती चालते.

पत्रांनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना २०१५ आठवत नाही. वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळा दर लावण्याचा घाट घातला गेला तेव्हा ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी तसे दर लावण्यावर बंदी आली. ते लिहिणारे तुमच्याआमच्यासारखेच ग्राहक होते.

म्हणून सोसायटीच्या, चाळीच्या, वाडीच्या पुढच्या बैठकीत तीन ठराव मांडा आणि सह्यांसह ट्राय व दूरसंचार विभागाकडे पाठवा: मर्यादेनंतरचा वेग २ एमबीपीएसच्या खाली नको, जाहिरातीत करासह किंमत आणि जीबीची मर्यादा एकाच आकाराच्या अक्षरांत हवी, आणि आमच्या इमारतीत कोणत्याही परवानाधारक कंपनीला तार आणू दिली जाईल. तिसऱ्या ठरावाला दिल्लीची परवानगी लागत नाही. तो त्याच संध्याकाळी अमलात आणा.