एका साली एकच घाव

माझ्या घराच्या ओट्यावर सिमेंटची एक पसरट कुंडी २०१९ पासून रिकामी पडून आहे. बायको दर दिवाळीला म्हणते, "आवो, त्यात तुळस तरी लावा." मी लावत नाही. त्या कुंडीत एक पिंपळ होता. बावीस वर्षं मी त्याला वाढवला, म्हणजे खरं तर वाढू न देता सांभाळला. चैत्रातल्या एका दिवसात त्याचा जीव गेला, आणि जीव घेणारा माणूस मीच घरात आणून बसवला होता. दुसऱ्याला बोल लावायच्या आधी आपला वाटा कबूल केलेला बरा, म्हणून हे अगोदर सांगितलं.

हा पिंपळ भूकंपानं दिलेला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागातला कुणी विसरणार नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी औसा तालुक्यातली, पण हादरा आम्हा निलंगेकरांनाही बसला. आमचं घर माळवदाचं, भिंती दगडमातीच्या. देवाच्या दयेनं माणसं वाचली, पण मागची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली. त्या फटीत पाखराच्या विष्ठेतून पिंपळ उगवला. १९९७ साली भिंत उतरवायला काढली तेव्हा तो अंगठ्याएवढा जाड झाला होता. गडी म्हणाला, "मालक, पिंपळावर मुंजा असतो. मी हात लावत नाही." मग मिरगाचा पाऊस पडू दिला आणि मीच एकेक दगड सोडवून त्याला मुळ्यांसकट काढला. फुटक्या घमेल्यात लावला. बोन्साय हा शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हता.

पुढं पुण्याला लेकीकडं गेलो असताना जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघितलं. तिथं ताटाएवढ्या कुंडीत वड, पिंपळ, चिंच, उंबर मांडलेले. एका म्हाताऱ्या माळ्याला विचारलं, हे जमतं कसं? तो म्हणाला, "हात कमी चालवायचा आणि डोळा जास्त." तेवढं ऐकून गावी आलो. औश्याकडं द्राक्षाच्या बागेत चार वर्षं कामाला होतो, त्यामुळं कात्री हाताला नवी नव्हती.

आता गावातल्या लोकांचं ऐका. "झाडाचे पाय बांधून ठेवलेत. पाप लागंल." कुणी म्हणे वास्तूला वाईट, वाढ खुंटती. मी ऐकून घ्यायचो, पण आता उत्तर देतो. आपण शेतकरी माणसं. तुरीचे शेंडे आपण खुडतो, का तर फाटे फुटावेत. द्राक्षाला वर्षातून दोनदा कात्री लावतो, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळाची. एप्रिलनंतर बाग बघितली तर नुसते हात वर केलेले खुंट दिसतात. तिथं कुणाला पाप दिसत नाही. वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी विकत आणायची, पाटावर ठेवून तिला दोरा गुंडाळायचा, दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकायची, आणि कुंडीत जिवंत पिंपळ सांभाळणाऱ्याला निर्दयी म्हणायचं. हे मला पटत नाही.

कुंडीतल्या झाडाची तर गोष्टच वेगळी. त्याच्या मुळ्या कापल्या नाहीत तर त्या भांड्याच्या कडेनं गोल गोल गुंडाळत जातात. मातीला जागा उरत नाही, वरून घातलेलं पाणी आत न शिरता कडेनं निघून जातं. म्हणजे दोन-तीन वर्षांनी जुनी जाड मुळी कापणं हीच त्या झाडाची सेवा आहे. जाड मुळी झाडाला धरून ठेवते आणि अन्न साठवते. पाणी पिते ती केसासारखी बारीक पांढरी मुळी. जाड कापली की तिच्या तोंडाशी बारीक फुटतात. तेव्हा कापण्याला माझा विरोध नाही. मोठी फांदी करवतीनं उतरवण्यालाही नाही. माझं भांडण घाईशी आहे.

२०१६ चा दुष्काळ आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जलदूत म्हणून ती गाडी देशभर गाजली. आमच्या गावात टँकरला भांडणं. त्या उन्हाळ्यात मी माझ्या वाटणीच्या पाण्यातून रोज एक तांब्या पिंपळाला घालायचो. अंघोळीच्या पाण्यात साबण लावणं बंद केलं आणि तेच पाणी त्याला. भाऊबंद हसले. पण पिंपळ वाचला. जो पिंपळ दुष्काळानं मेला नाही तो तीन वर्षांनी कलेनं मेला.

झालं असं. पुतण्या शहरात नोकरीला. तो म्हणाला, "काका, तुमच्या झाडाचं खोड लाखात एक हाय, पण आकार नाही. माझ्या वळखीचे एक सर हायेत, एका दिवसात झाड तयार करून देतेत." मला मोह पडला. साठीला आलेला माणूस, वाटलं आपल्या डोळ्यांदेखत झाड देखणं व्हावं. सर आले एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. संगं दोन शिकाऊ पोरं आणि फोटो काढणारा. सकाळी दहाला झाड कुंडीतून उपसलं. पाइपच्या धारेनं सगळी माती धुऊन काढली. जाड मुळ्या साऱ्या उतरवल्या, बारीक मुळ्यांचा निम्म्याहून जास्त गुंता कापला. चार फांद्यांपैकी तीन करवतीनं काढल्या. राहिलेल्या फांदीची पानं झाडून खुडली आणि तिला तार गुंडाळून वाकवली. पिंपळाचा पांढरा चीक फरशीवर ठिबकत होता. मग त्याला आधीच्या निम्म्या खोलीच्या ताटात बसवला आणि फोटोसाठी अंगणात उन्हात ठेवला. बायको दारातून म्हणाली, "आवो, झाड कामून असं उघडं करायलेत? ऊन किती हाय!" तिला कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही.

तीन आठवड्यांनी खोडावर लाल कोंब फुटले. आम्हाला आनंद झाला. पुतण्यानं फोटो पाठवला, सरांनी तो आपल्या नावानं फिरवला. त्या पालवीनंच आम्हाला फसवलं. खोडात साठवलेलं अन्न होतं, त्यावर ती फुटली होती. खाली तिला पाणी पुरवायला मुळी नव्हती. तोडून टाकलेल्या ओंडक्यालाही पहिल्या पावसात पालवी फुटते, ते आपण बांधावर बघतोच की. मेच्या शेवटी कोंब काळे पडले. मिरगाचा पहिला पाऊस आला त्या दिवशी मी खोडाला नख लावून बघितलं. आत हिरवं काही राहिलं नव्हतं. मोकळं ताट सर घेऊन गेले. माझी जुनी कुंडी तेवढी ओट्यावर राहिली.

सरांचं म्हणणं, पिंपळच अशक्त होता. मी म्हणतो, अशक्त होता हे करवत लावायच्या आधी बघायचं असतं.

झाडाचा हिशोब साधा आहे. पानं अन्न करतात, मुळ्या पाणी देतात. शेंड्याच्या कोंबात एक रस तयार होतो, त्याला शास्त्रात ऑक्सिन म्हणतात. तो खाली उतरतो आणि नवी मुळी फुटायला मदत करतो. मुळ्या कापल्या त्याच दिवशी सगळे शेंडे कापले तर मुळ्यांना निरोप कोण देणार? आणि पानं सगळी ओरबाडली तर जखम भरायला अन्न कुठून येणार? कोरड्या हवेत पाणी उडू नये म्हणून चार पानं कमी करणं वेगळं. वड, पिंपळ, उंबर ही चिवट जात आहे. अंगात जोम असलेला वड पावसाळ्याच्या तोंडाशी दोन्ही घाव एकदम सोसून जातो, हे मी बघितलं आहे. त्यावरूनच लोकांचा हात सैल सुटतो. वडानं सोसलं म्हणून चिंचेनं, आणि तरुण झाडानं सोसलं म्हणून म्हाताऱ्यानं सोसावं, असं नसतं.

म्हाताऱ्या झाडाला आकार द्यायचाच असेल तर पहिलं साल नुसतं खाऊ-पिऊ घाला. पान गर्द आणि कोंब लांब येऊ द्या. दुसऱ्या साली मिरगाच्या सुमाराला, हवेत ओल आली की एकाच बाजूची निम्मी माती काढा, त्या बाजूच्या जाड मुळ्या धारदार करवतीनं स्वच्छ कापा, शेंड्याला हात लावू नका. दुसरी बाजू पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या साली. जपानातले लोक पाइनच्या जुन्या झाडाला असंच अर्धं अर्धं करतात. कुंडीत आपली काळी माती घालू नका. ती ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा, भेगांत बारीक मुळी तुटते. जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडं कुजलेलं खत पुरे. खोड कुंडीला दोरीनं आवळून बांधा, म्हणजे वाऱ्यानं हलून नवी मुळी मोडणार नाही. महिनाभर सावली. मुळ्या बसल्या, झाड जोमात आलं, की मग मोठी फांदी. तीही एका साली एकच, आणि घावाला बोर्डो पेस्ट. तार त्याच्याही नंतर. पाच-सात वर्षं लागतील. ज्याला तेवढी कळ काढवत नाही त्यानं फुलदाणी घ्यावी, झाड घेऊ नये.

नातीनं मोबाईलवर मला एका झाडाची माहिती वाचून दाखवली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. तो १६२५ सालापासून कुंडीत सांभाळलेला. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्याही पाच वर्षं आधीपासून. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याकडं तो होता. ६ ऑगस्ट १९४५ चा अणुबॉम्ब त्यानं सोसला, आणि १९७६ साली त्या घरानं तो अमेरिकेला भेट दिला. इतक्या पिढ्यांत त्याच्या मुळ्या आणि फांद्या किती वेळा कापल्या असतील! पण त्यातल्या कुणालाही आपल्याच हयातीत झाड पुरं करायची घाई नव्हती. आणि आमचे सर सकाळी दहाला येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत.

हे एका कुंडीपुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. रस्त्याच्या कडेचे लिंब बघा. उन्हाळ्यात तारांच्या आड येतात म्हणून वरून बोडके करायचे. त्याच उन्हाळ्यात बुडाशी पाइपासाठी चर खणून मुळ्या तोडायच्या, आणि उरलेल्या बुंध्याला सिमेंटचा गळफास. वरून आणि खालून एकदम. पुढच्या वादळात झाड आडवं झालं की म्हणायचं, झाड जुनं झालं होतं. झाडं उचलून दुसरीकडं लावतात त्याचंही तेच. शेंडा छाटला, मुळ्या तोडल्या, क्रेननं उचललं, खड्ड्यात बसवलं, हार घातला, फोटो निघाला. उचलायच्या आधी दोन पावसाळे बुंध्याभोवती टप्प्याटप्प्यानं चर घेऊन जवळ नवी मुळी फुटू द्यायला कुणाला वेळ असतो? लावल्यावर तीन उन्हाळे पाणी घालायला कोण जातं? पालवीचा फोटो लागलीच मागतात, तिसऱ्या साली झाड आहे का विचारायला कुणी येत नाही.

आम्हा भूकंपाच्या मुलखातल्या माणसांना तर हे सांगायला नको. १९९३ नंतर इथली गावंच्या गावं उचलून नव्या जागी बसवली. पत्र्याच्या शेडात दिवस काढून लोक पक्क्या घरात गेले. घरं मिळाली, पण म्हातारी माणसं कितीतरी दिवस जुन्या गावठाणात जाऊन बसायची. मूळ धरायला माणसालाही वेळ लागतो. तिकडं जपानात १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोचे बोन्साय करणारे माळी चांगली माती-पाणी शोधत ओमियाला गेले आणि १९२५ पासून तिथं त्यांनी आपलं गावच वसवलं. ते गाव अजून आहे, कारण त्यांनी आधी माती बघितली, मग झाडं हलवली.

यंदा आमच्या विहिरीच्या बांधकामात एक उंबर उगवला आहे. करंगळीएवढा. त्याला तिथं राहू दिलं तर दगड फुटतील, म्हणजे काढावाच लागणार. परवा पुतण्या आला होता. त्याला अजून ओशाळवाणं वाटतं. म्हणाला, "काका, आत्ताच काढू का? कुंडी रिकामीच हाय." बाहेर ऊन मी म्हणत होतं.

म्हनलं, "आत्ता नको बापू. मिरग येऊ दे."