मुदतीआधी ठेव मोडू नका

गळ टाकून बसणे हा छंद मला मान्य आहे. बँकेत वीस वर्षे बसलेल्या माणसाला बसण्याचे महत्त्व कोणी सांगू नये! पण भर मे महिन्यात येलदरीला निघालेला आमचा कॅशियर म्हणाला, "आता मासा हमखास सापडतो हो!" आणि माझे डोके परभणीच्या उन्हापेक्षा जास्त तापले.

सापडणारच की! पूर्णेवरचे हे १९६८ साली पुरे झालेले धरण उन्हाळ्यात आटते. पाणी तापते, तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. उरल्यासुरल्या डोहात मासे धापा टाकत उभे, पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरपुढे असतात तसे. त्यातून रोहू-कटला अंडी घालणार पावसाळ्यात, म्हणजे आत्ता मादी गाभोळीने भरत आलेली. तिला ओढण्यात कसला पराक्रम? भोयाचे पोट जाळ्यावर आहे, त्याचे वेगळे. पण आपण पगारी माणसे! मुदत ठेव आधी मोडली तर व्याज बुडते. इथे मुद्दलच बुडते.

"दिवाळीपर्यंत थांब," मी बजावले.

"मग रविवारी करू काय?"

"नुसता बस. सवय आहेच आपल्याला!"